किल्ल्यावरचे मावळे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की महाराष्ट्रातील मुलांचे चित्त पुस्तकांवरून उडून मातीवर जडते. घराच्या अंगणात, वाड्याच्या चौकात, चाळीच्या जिन्याखाली, जेथे म्हणून चार हात जागा मिळेल तेथे किल्ला उभा राहू लागतो. मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरीसारख्या दाट वस्तीच्या ठिकाणी, अंगण ही वस्तू आता दुर्मीळ झाली आहे. तरीही तेथील मुले हार मानीत नाहीत. इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारींमधला एखादा कोपरा ती मोठ्यांकडून मागून घेतात. जवळपास बांधकाम चालू असेल तेथून विटांचे तुकडे व माती आणतात. गोणपाट चिखलात भिजवून विटांच्या राशीवर पांघरतात आणि त्याच्या घड्यांतून डोंगराच्या सोंडा काढतात. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली, की थोड्याच दिवसांत हिरवे रान उगवते. बुरूज, तट, दरवाजा, पायऱ्या, पाण्याचे टाके असे सारे जागच्या जागी बसले, म्हणजे शेवटी किल्ल्यावर माणसे येतात. ती येईपर्यंत किल्ला हा मातीचा ढीगच असतो.

ही माणसे बाजारातून येतात. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला पणत्यांच्या शेजारी त्यांची रांग मांडलेली असते. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, भाला घेतलेला पहारेकरी, तुतारी फुंकणारा, तोफेजवळचा गोलंदाज, ढाल-तलवार उगारलेला शिपाई, घोडेस्वार, आणि त्यांच्याच पंक्तीला वासुदेव, गवळण व वाघ! या सर्वांना सरसकट 'मावळे' म्हणतात. वस्तुतः मावळा म्हणजे मावळातला माणूस. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत जी खोरी आहेत त्यांना मावळ म्हणतात आणि तेथील काटक शेतकऱ्यांतून महाराजांचे पायदळ उभे राहिले. वाघालाही मावळा म्हणण्याचे औदार्य फक्त दिवाळीच्या बाजारातच आढळते.

आता असे समजा, की अंधेरीतील काही मुलांनी मिळून वीस-पंचवीस मावळे विकत आणले आहेत. किल्ल्यावर त्यांची मांडणी चालू असता एकाच्या लक्षात येते, की दरवाजावरच्या पहारेकऱ्याच्या हाती बंदूक आहे आणि तिच्या टोकाला संगीन आहे. 'शिवाजी महाराजांच्या शिपायाजवळ अशी बंदूक होती काय?' असा प्रश्न निघतो. कोणी म्हणते, होती. कोणी म्हणते, त्या काळी बंदुकाच नव्हत्या. कोणी म्हणते, खेळण्यात एवढे काय पाहायचे! यांपैकी तिसरे उत्तर सर्वांत सोपे आहे, परंतु ते उत्तरच नव्हे. लहानपणी डोळ्यांसमोर जे चित्र ठसते ते मोठेपणी पुस्तके वाचूनही सहजासहजी पुसले जात नाही. म्हणून त्या पहारेकऱ्याची नीट चौकशी करणे योग्य आहे.

शिवकाळात बंदुका होत्या, आणि चांगल्या प्रकारे वापरात होत्या. मात्र ती तोड्याची बंदूक असे. तोडा म्हणजे सुताची जळती वात. बंदुकीच्या नळीत दारू व गोळी ठासून भरीत. नळीच्या बाजूला एक लहानशी वाटी असे, तिच्यात चिमूटभर बारीक दारू ठेवीत. चाप ओढला, की तोड्याचे जळते टोक त्या वाटीत टेकत असे, तेथील दारू पेट घेई आणि तिची ठिणगी छिद्रातून आत जाऊन बार उडत असे. बंदुकीच्या टोकाला संगीन लावण्याची पद्धत युरोपातील सैन्यांतसुद्धा सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि शिवाजी महाराज १६८० साली निवर्तले. तेव्हा पहारेकऱ्याची बंदूक राहू द्यावी, संगीन मात्र काढावी, असा या वादाचा निकाल होतो. पहिली दोन्ही मुले निम्मी बरोबर होती म्हणावयाची.

ही संगीन तेथे आली कशी? साचा ज्याने प्रथम घडविला त्याने डोळ्यांसमोर जो शिपाई पाहिला असेल त्याची बंदूक मावळ्याच्या हाती दिली, हे उघड आहे. परंतु मावळ्यांतील सर्वच चुका अशा अज्ञानातून झालेल्या नाहीत. काही चुका मातीने केलेल्या आहेत. मातीचा मावळा साच्यातून काढतात. मूळ मूर्तीवरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा घेतात, एक पुढचा व एक पाठीचा. दोन्ही भागांत मऊ शाडू दाबून बसवितात, कडांना पातळ माती लावून भाग एकमेकांस जोडतात आणि मातीतील पाणी थोडे शोषले गेले, की साचा अलगद उघडतात. आता मूर्तीचा हात जर अंगापासून दूर पसरलेला असेल, किंवा कोपराची कमान होऊन त्यात पोकळी राहिली असेल, तर मूर्ती साच्यात अडकते आणि ओढून काढताना मोडते. म्हणून साच्यातल्या मावळ्याचे हात अंगाला चिकटलेले असतात, तलवार खांद्याला टेकलेली असते आणि ढाल छातीवर बसलेली असते. लांब, बारीक भाला तर मातीत टिकतच नाही. तेथे मुठीत छिद्र ठेवतात आणि त्यात मागाहून तार किंवा काडी बसवितात. मावळा लढताना खरोखरच असा अंग चोरून उभा राहत असेल असे कोणी समजू नये.

शिशाच्या खेळण्यांत ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली गेली. लंडनमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचे पोकळ शिपाई ओतण्यास सुरुवात केली. वितळलेले शिसे साच्यात ओतावयाचे, साच्याला लागलेला बाहेरचा थर क्षणात गोठतो, तेवढ्यात मधले पातळ शिसे परत ओतून घ्यावयाचे, अशी ती युक्ती. त्यामुळे शिपाई हलके व स्वस्त झाले, आणि पुष्कळांना वेगळा केलेला, फिरणारा हात बसविता येऊ लागला. पुढे अशा शिपायांचा संग्रह करण्याचा छंद मोठ्या माणसांतही पसरला. संग्राहक मंडळी मोठी चोखंदळ असतात. बुटाचा पट्टा चुकला तरी त्यांना खपत नाही.

या संग्राहकांची खरी परीक्षा प्राचीन ग्रीक योद्ध्यांपाशी होते. ट्रॉयच्या युद्धातील अकिलीझ हा वीर खेळण्यांच्या दुकानात बहुधा तुरेदार, सारा चेहरा झाकणारे शिरस्त्राण, छातीवर स्नायूंचा आकार दिलेले कवच आणि मोठी वाटोळी ढाल अशा थाटात दिसतो. हा वेष ग्रीकांचाच आहे, पण तो अकिलीझचा नव्हे. ट्रॉयचे युद्ध झाले असेल तर ते इसवी सनापूर्वी सुमारे बाराशे वर्षांच्या आसपास झाले असे मानतात. तो कवचधारी योद्धा, ज्याला ग्रीक लोक हॉप्लाइट म्हणत, त्यानंतर कित्येक शतकांनी झाला. गंमत अशी, की ही चूक खेळणीवाल्यांनी प्रथम केलेली नाही. खुद्द प्राचीन ग्रीक चित्रकारांनी आपल्या मातीच्या भांड्यांवर अकिलीझ रंगविला तो आपल्याच काळाच्या वेषात. आपल्या कुंभाराने मावळ्याच्या हाती संगीन दिली, तसेच हे झाले.

मग त्या जुन्या काळचे कवच कसे असे? याचे उत्तर १९६० साली जमिनीतून निघाले. ग्रीस देशात मायसीनीजवळ डेंड्रा नावाच्या गावी एका थडग्यात कांस्याचे एक संपूर्ण कवच सापडले. ते इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातले आहे. गळ्यापासून मांडीपर्यंत एकाखाली एक जाडजूड पत्रे, खांद्यांवर मोठाली आवरणे, आणि जोडीला रानडुकराच्या सुळ्यांचे काप शिवून केलेले शिरस्त्राण! अशा सुळ्यांच्या शिरस्त्राणाचे वर्णन होमरच्या इलियड या महाकाव्यातही आहे. हे कवच इतके अवजड दिसे, की ते केवळ मिरवण्यासाठी असावे असे काही विद्वान म्हणत. तेव्हा ग्रीसमधील संशोधकांनी त्याची प्रतिकृती तेथील सैन्यातील १३ जवानांच्या अंगावर चढवून त्यांच्याकडून ११ तास लढाईच्या हालचाली करविल्या. जवान थकले, पण लढू शकले. या प्रयोगाचा वृत्तांत २०२४ साली प्रसिद्ध झाला. विद्वानांचा वाद घामाने मिटावा, असे प्रसंग विरळा.

संग्रहालयात पाहून खेळणी रंगविणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. जमिनीत पुरलेले कांस्य हिरवट-काळे पडते. म्हणून काही जण ग्रीक कवच तसेच मळकट रंगवितात. परंतु ताजे, घासलेले कांस्य सोन्यासारखे पिवळे चमकते. आपल्या घरातले पितळी तांबे व समया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

ग्रीक योद्धा आणि मावळा यांच्यातील खरा फरक ढालीवरून कळतो. हॉप्लाइटची ढाल सुमारे तीन फूट व्यासाची, खोलगट, आणि सहा ते आठ किलो वजनाची असे. तिच्या मध्यभागी एक पट्टी असे, तिच्यातून डावा हात कोपरापर्यंत घालीत आणि काठाजवळची मूठ पकडीत. त्यामुळे ढालीचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या अंगावर येई. खांद्याला खांदा लावून, ओळीत उभे राहून, सपाट मैदानात लढणाऱ्या सैन्याची ती ढाल होती. एकटा माणूस ती घेऊन धावू लागला, तर ती त्याचीच वैरीण होई.

मावळ्याची ढाल वाटोळीच, पण लहान. ती पुष्कळदा गेंड्याच्या किंवा दुसऱ्या जनावराच्या जाड कातड्याची करीत. तिच्यावर चार फुगीर फुले असतात आणि खेळण्यातल्या मावळ्याच्या ढालीवरही ती चार टिकल्यांच्या रूपाने दिसतात. ही फुले शोभेची आहेत असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ढालीच्या आतल्या बाजूस ज्या कड्यांना मुठी अडकविलेल्या असतात, त्या कड्यांचे खिळे बाहेरून झाकण्यासाठी ही फुले असतात. आत एक लहानशी उशी असते, तिच्यावर मूठ आवळून ढाल धरावयाची. म्हणजे ही ढाल हाताबरोबर चटकन फिरते. वार येईल तिकडे ती जाते. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे लढत असता त्यांची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, असे कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत लिहिले आहे. हाताची ढाल व्हावी हे त्या लढण्याच्या रीतीला धरूनच आहे. कारण एरव्हीही ढाल म्हणजे हाताचाच एक भाग असे.

कवचाचेही तेच. आपल्याकडे चिलखत होते. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंफून ते विणीत. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकलेली असे. ते अंगरख्यासारखे अंगात घालता येई आणि वरून वस्त्र घातले तर दिसतही नसे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट झाली, तेव्हा महाराजांनी जरीच्या कुडत्याखाली चिलखत घातले होते; खानाचा वार त्यावर खरखरला आणि अंगास लागला नाही, असे सभासद सांगतो. म्हणून या प्रसंगाचा देखावा किल्ल्यावर मांडताना महाराजांच्या अंगावर वरून चकचकीत लोखंड रंगविले, तर तो चांगला दिसेल, पण साऱ्या प्रसंगातली हुशारीच नाहीशी होईल. चिलखत लपलेले होते, म्हणून तर ते उपयोगी पडले!

साध्या मावळ्याच्या अंगावर मात्र चिलखत क्वचितच असावयाचे. ते महाग होते, आणि वजनानेही काही थोडेथोडके नव्हे. सह्याद्रीचा कडा चढणे, रात्रीत दहा कोस जाणे, अडचणीच्या खिंडीत वाट अडविणे, अशी ज्याची कामे, त्याला लोखंडाचे ओझे परवडत नाही. फार तर कापूस घालून शिवलेली जाड बंडी, कमरेला घट्ट आवळलेला शेला, डोक्याला पागोटे, एवढाच त्याचा सरंजाम. ग्रीक योद्ध्याचे कवच पाहून आपला मावळा उघडा वाटतो खरा. परंतु दोघांच्या देशांतील जमीन पाहिली, म्हणजे दोघेही आपापल्या जागी शहाणे होते असे दिसून येते.

तलवारीच्या बाबतीत खेळणी बहुधा एकाच साच्याची असतात, चंद्रकोरीसारखी वाकडी. वाकडी तलवार होतीच. पण मराठ्यांच्या सैन्यात लांब व जवळजवळ सरळ पात्याची धोपही फार होती. युरोपातून आलेली सरळ पाती येथल्या मुठींत बसवीत आणि त्या तलवारीला फिरंग म्हणत. पट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. पट्ट्याचे पाते लांब, दुधारी व लवचिक असते आणि मूठ हाताच्या कोपराकडे जाणाऱ्या लोखंडी खोबणीत आत असते. मनगट त्यात बद्ध झाल्यामुळे सारा हातच पाते होऊन फिरतो. बाजारातील पट्टेकरी मावळ्याला ही खोबणी क्वचितच असते. असते ती दोन्ही हातांत एकेक साधी तलवार. ज्याला पट्टा दाखवावयाचा आहे त्याने चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद मावळ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळावा. काम फत्ते होते.

शस्त्रांची ही माहिती पुस्तकांत आहे. पण शस्त्र डोळ्यांनी पाहण्याची सर पुस्तकाला नाही. अंधेरीच्या मुलांनी चर्चगेटची गाडी धरली आणि तेथून थोडी पायपीट केली, की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. तेथील शस्त्रांच्या दालनात ढाली, तलवारी, कट्यारी व कवचे मांडलेली आहेत. तेथे काचेसमोर उभे राहून ढालीची चार फुले मोजता येतात. मात्र संग्रहालयातील वस्तूंनाही प्रश्न विचारावे लागतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रथम ठेवली गेली. ती साताऱ्यास नेमलेल्या जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याजवळ होती व त्याच्या वंशजाकडून लंडनला पोहोचली. अफझलखानाच्या भेटीत वापरली ती हीच, असे तिच्या पेटीवर लिहिलेले आहे; परंतु त्याची खात्री पटविता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. ज्याच्याजवळ वस्तू आहे त्यानेच असे सांगावे, ही गोष्ट मोठी आहे.

अशी शहानिशा न केल्यास काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रानेच अनुभवले आहे. इब्राहीमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात असे आणि लोक ते श्रद्धेने पाहत असत. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डचांकडील साधनांतून महाराजांचे खरे चित्र शोधले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले. महाराजांच्या हयातीतली किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांतली काही चित्रे आज परदेशांतील संग्रहांत आहेत. त्यांत गरुडासारखे नाक, निमुळती दाढी, तुरा खोवलेले पागोटे, पायघोळ झगा व कमरेला शेला अशी मूर्ती दिसते. मीर महंमद या चित्रकाराने काढलेल्या एका चित्रात महाराज घोड्यावर आहेत आणि भोवती पायी चालणारे शस्त्रधारी शिपाई आहेत. हे चित्र पॅरिसला आहे. मावळ्याचा साचा घडविणाऱ्याने समोर ठेवावे, असे याहून चांगले चित्र कोणते?

मुलांच्या किल्ल्यातील प्रत्येक विजोड गोष्ट चूकच असते असे मात्र नाही. मुले गडाच्या अगदी माथ्यावर हत्ती उभा करतात आणि मोठी माणसे हसतात; एवढ्या उंच डोंगरावर हत्ती कसा चढेल? रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, त्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील हजर होता. त्याने दरवाजाशी दोन लहान हत्ती उभे असलेले पाहिले, आणि इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे याचे त्यालाही नवल वाटले. हसणाऱ्यांनी ऑक्झेंडनशी बोलावे! त्याच गृहस्थाने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली राजचिन्हे नोंदली आहेत. एकीकडे मोठ्या दातांची दोन मत्स्यमुखे, दुसरीकडे घोड्यांची शेपटे आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल असलेला सोन्याचा तराजू, न्यायाचे चिन्ह म्हणून. बाजारातल्या सिंहासनाजवळ हा तराजू कोठेच मिळत नाही. काडी, दोरा आणि पिवळा कागद एवढ्यांत तो घरी होतो.

अंधेरीच्या मुलांना आणखी एक सोय आहे, तिचा लाभ फारसे कोणी घेत नाही. रायगड, प्रतापगड, सिंहगड हे किल्ले सर्वच मुले करतात. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यापासून त्यांत साल्हेर, खांदेरी आणि तमिळनाडूतील जिंजी यांचीही भर घालता येईल. पण खुद्द अंधेरीच्या पश्चिमेस, वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढ येथे समुद्रकाठी एक किल्ला उभा आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला. शिवाजी महाराजांच्या काळी हे सारे साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, हा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्या किल्ल्यावर शिवकाळचा मावळा उभा करणे म्हणजे साठ वर्षांची चूक होईल, हे ध्यानात ठेवले पाहिजे. संगीनवाल्या पहारेकऱ्याला मात्र तेथे पोर्तुगीजांच्या बाजूने नोकरी मिळू शकेल.

आणि डोंगराचा खडक कसा दिसतो, हे पाहण्यास सह्याद्रीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. अंधेरीच्या वस्तीतच गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या कातळाचा उभा सुळका आहे. सह्याद्री ज्या लाव्हारसापासून झाला त्याच जातीचा तो खडक. त्याचे उभे, कोनदार खांब न्याहाळले, तर गोणपाटाच्या घड्या कशा पाडाव्यात हे आपोआप कळते.

राहता राहिला तो पहारेकरी. कच्च्या मातीचा मावळा असेल, तर ओल्या फडक्याने संगीन किंचित भिजवून बोथट सुरीने ती अलगद खरवडता येते. भाजलेला असेल तर बारीक कानशीच लागते. उघडी पडलेली जागा काळ्या रंगाने झाकावी. बंदुकीच्या बाजूला सुताचा एक वेढा चिकटवून त्याचे टोक तांबडे रंगविले, की तोडा तयार होतो. पण ही दुरुस्ती एकाच पहारेकऱ्याची झाली. साचा आहे तोवर त्याची संगीनधारी भावंडे दरवर्षी निघतच राहणार. प्लॅस्टरचा साचा काही कायमचा नसतो. शेकडो मूर्ती दाबून काढल्यावर त्याच्या रेषा झिजतात, मावळ्यांचे नाक-डोळे पुसट होतात, आणि कारागीर मूळ मूर्तीवरून नवा साचा घेण्यास बसतो. संगीन जावयाची ती त्याच वेळी. कारण तेव्हा मूळ मूर्ती त्याच्या हाती असते आणि शेजारी कोरणीही असते. तेवढ्यात कोणा गिऱ्हाइकाने, मग ते वयाने कितीही लहान असो, दुकानापाशी थांबून त्याला तोड्याच्या बंदुकीविषयी विचारलेले असले पाहिजे.